पांढरं कुठलं धरायचं

भिंत निळी आली होती. फार नाही, दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण प्रिंटरमधून कागद बाहेर सरकला, मी तो खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला आणि दादाच्या चेहऱ्याकडे कौतुकाने बघता बघता नजर त्याच्या खांद्यामागे गेली, तर तिथे निळसर काहीतरी होतं. ती माझ्या घरातली भिंत आहे. रंग लावून घेताना मी रंगाऱ्याचं डोकं इतकं खाल्लं होतं की शेवटी तो म्हणाला, ताई, पांढरा तो पांढरा, त्यात एवढं काय. त्यात पुष्कळ असतं. मला हवा होता दुधावर नुकती साय धरायला लागते तसला पांढरा, आणि भांडून का होईना, तोच मिळाला. त्या भिंतीत निळ्याचा थेंबसुद्धा नाही. मग हा आला कुठून? खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. सोमवारची सकाळ, स्टुडिओत अजून कुणी आलेलं नाही, आणि हातात एक कोडं. माझ्या कामात कोडी हल्ली क्वचितच येतात.

मी सोफ्याच्या आणि पडद्यांच्या कापडांचे फोटो रंगाला आणते. फोटो दुसरे काढतात. माझ्याकडे येते ती रॉ फाइल आणि सोबत त्या कापडाचा वीतभर तुकडा. पडद्यावरचं कापड आणि हातातलं कापड जुळलं की माझं काम झालं. नाही जुळलं तर गिऱ्हाइकाचा सोफा परत येतो आणि खापर माझ्या डोक्यावर फुटतं. कॅमेरा जो तयार फोटो देतो, त्यात त्याने उजेडाचा निवाडा आपल्या मनाने करून टाकलेला असतो: हे पांढरं, हे काळं, बाकीचे मधले. रॉ फाइल म्हणजे निवाडा व्हायच्या आधीचं सगळं. ती उघडली की पहिल्यांदा हिरमोडच होतो. मचूळ, करडी, मीठ घालायला विसरलेल्या भाजीसारखी. नवीन आलेले लोक लगेच सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ढकलतात, की सगळं भडक होतं आणि त्यांना वाटतं रंग आला. मी त्यांना काही बोलत नाही, नुसती मागे जाऊन उभी राहते. ते आपणहून पट्टी परत आणतात. रंग वाढवून रंग येत नाही. आधी पांढरं ठरवायचं असतं. ते एकदा जागेवर बसलं की बाकीचे आपापल्या जागा शोधतात. मग उजळ भाग थोडा खाली बसवायचा, कारण फार उजेडात रंग धुऊन निघतो. सावल्यांत काय काय लपलंय ते हळूच वर आणायचं. पिवळा आणि हिरवा एकमेकांच्या अंगावर आलेले असतात, त्यांना जरा लांब लांब करायचं. एवढं केलं की तोच मचूळ फोटो भरून येतो. हे रोजचं असलं तरी त्या क्षणाला मी अजून खुर्चीत पुढे सरकते.

पांढरं ठरवायला आमच्याकडे करडं कार्ड असतं. पहिल्या फोटोत ते सोफ्यावर टेकवायचं, नंतर पडद्यावर त्या कार्डावर ड्रॉपर, म्हणजे रंग टिपणारा बाण, टेकवून क्लिक करायचं, की संगणकाला कळतं की यात कुठलाच रंग नाही, आता बाकीचं यावरून मोजा. कार्ड ठेवायचं राहून गेलं आणि सोफ्यावर कुणी माणूस बसवलेलं असलं, तर आम्ही डोळ्यातलं पांढरं धरतो. कातडी कुठल्याही रंगाची असो, डोळ्यातलं पांढरं सगळ्यांचं सारखंच, असं आम्ही एकमेकांना शिकवत आलो आहोत. पुस्तकात ही युक्ती आहे की नाही ठाऊक नाही. आमच्या स्टुडिओत मात्र ती कधी फसलेली नाही.

दादाचा फोटो मी काल, रविवारी दुपारी, घरी काढला होता. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. लग्नाचं त्याने कधी मनावर घेतलं नाही, आणि आई गेल्यावर मीही तो विषय सोडून दिला. दोघांची दोन टोकांना दोन बिऱ्हाडं, रविवारी तो माझ्याकडे जेवायला. असं छान चाललेलं असताना गेल्या काही महिन्यांत एका इमारतीची लिफ्ट फारच वारंवार बिघडायला लागली. तिच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर पुस्तकं बांधणाऱ्या एका बाईंचं दुकान आहे. एवढी कशी रे बिघडते ती लिफ्ट, असं मी विचारलं, तर जुनी आहे म्हणाला आणि साखर न घातलेला चहा उगाच ढवळत बसला. मग काय, मला विषय मिळाला. त्याने ताट अर्धं टाकलं की मी म्हणायची, बरोबर आहे, आता कशाला भूक लागेल. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवीन भोक पाडलं तेव्हा म्हटलं, बारीक व्हायची ही कुठली घाई, तिने काय अट घातली आहे का. तो नुसता हसायचा. दादाला चिडवायची संधी मला लहानपणापासून फार कमी मिळाली, त्यामुळे आता मी ती सोडत नव्हते.

त्याच बाईंनी त्याच्याकडे फोटो मागितला होता. असाच, फोनमध्ये ठेवायला. हे सांगताना तो इतका गंभीर होता की मला हसू आवरेना. म्हणाला, फोन मला मेला पिवळा काढतो, तुझ्याकडे मोठा कॅमेरा आहे ना, रंग जरा चांगले आण. मी लगेच फोनच्या कॅमेऱ्यांवर व्याख्यान दिलं: ते कसे सगळ्यालाच ऊबदार करून टाकतात, कारण लोकांना तसं आवडतं, वगैरे. त्याने निमूटपणे ऐकून घेतलं. फोटोसाठी नवा पांढरा शर्ट घेतला होता आणि सारखा हात खाजवत होता. खळ असेल, धुऊन घालायचास की, असं म्हणून मी त्याला खिडकीशेजारी खुर्चीत बसवलं. माझा डोळा कॅमेऱ्याला. तिची बोटं कायम डिंकाने चिकट असतात का रे, असं मी विचारलं आणि तो हसला. ते हसू मी पकडलं. मग म्हणाला, बारके, तू पण बस, तुझा एक काढतो, आणि माझाही काढला, थोडा वाकडा.

तासाभरात मी फाइल उघडून बसले. कॅमेऱ्यानेही फोनसारखाच घोळ घातला होता, चेहरा पिवळट. लाकडी टेबल, दुपारचं ऊन, होतं असं. कार्ड कुठे घरी आणलं होतं? डोळा मोठा करून पांढऱ्यावर क्लिक केलं. आणि दादा खुलला. दुसरा शब्द नाही. गालांना गुलाबी छटा आली, ओठ वेगळे झाले, कानशिलावरचे पांढरे केस चंदेरी दिसायला लागले. लोक म्हणतात फोटोत वय दिसतं. मला त्याच्यातला तो कॉलेजात जायचा तेव्हाचा मुलगा दिसला. मी सावल्या वर आणल्या, उजेड खाली घेतला, बराच वेळ त्याच्या कपाळावरच काम करत राहिले. काम करताना मी गुणगुणते म्हणे. फोटो पाठवला तर त्याचं उत्तर आलं, हा मी? आणि मग थोड्या वेळाने, तिला पाठवला, मला एक कागदावर पण काढून दे.

तर तो कागद आता समोर होता, आणि भिंत निळी होती. आधी मी प्रिंटरवर संशय घेतला. करड्या पट्ट्यांचा नमुना छापून बघितला, बिनचूक आला. मग मॉनिटरवर मापनयंत्र लावलं. तेही काही कुरकुरलं नाही. मग मला आठवलं की माझ्या घरासमोरच्या इमारतीचं काम चाललंय आणि ती आख्खी निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली आहे. मी टेबलावर हात आपटला. ऊन ताडपत्रीवर, ताडपत्रीचा निळा उजेड खिडकीतून भिंतीवर. सुटलं! मी चहा करून घेतला आणि स्वतःवर खूश होऊन पहिला घोट घेताना मनात पाल चुकचुकली. खिडकीतून निळा उजेड आला असेल तर तो आधी दादावर पडणार, तोच खिडकीजवळ होता. भिंत तर मागे. चेहरा निळा व्हायला हवा होता आणि भिंत कमी. इथे उलटंच. चेहरा गुलाबी, भिंत निळी. चहा तसाच ठेवून मी परत बसले. असं झालं की मला घर, जेवण, फोन कशाचंच भान राहत नाही. आई म्हणायची, ही मुलगी एका बटणासाठी सगळा शर्ट उसवेल.

चेहरा मोठा करून मी त्यात शोधत राहिले. एवढा मोठा चेहरा करून बघितला की माणूस ओळखीचा राहत नाही. हनुवटीखाली दाढी करताना सुटलेला केस, भुवईतली लहानपणची खोक. ती खोक पडली तेव्हा त्याचं मनगटही मोडलं होतं. खोक आईला दिसली, तिने हळद भरली. मनगटाचं त्याने सांगितलंच नाही. डाव्या हाताने जेवत राहिला आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, सवय करतोय. शेवटी मास्तरांनी घरी आणून सोडला, अक्षर बिघडलं म्हणून. आई खूप रडली होती. तो तिला समजावत होता की दुखत नाही. हे मला त्या वेळी का आठवलं कुणास ठाऊक. कदाचित फोटोतसुद्धा त्याने उजवा हात डाव्याखाली झाकून घेतला होता म्हणून असेल, आणि हाताच्या पाठीवर खाजवल्याच्या रेघा होत्या, खळ लागत नाही तिथे.

मग माझी नजर शर्टावर गेली. नवा कोरा पांढरा शर्ट, कॉलरची इस्त्रीही मोडलेली नव्हती. कॉलर निळसर होती. भिंतीइतकीच. म्हणजे ताडपत्री नाही, भिंत नाही. पांढरं म्हणून जे जे होतं ते सगळंच निळं, फक्त डोळे सोडून. मी काही ठरवून केलं नाही, हाताने सवयीने केलं: ड्रॉपर घेतला आणि कॉलरवर टेकवला. क्लिक. भिंत माझी भिंत झाली, साय धरलेल्या दुधासारखी. शर्ट शर्टासारखा झाला. टेबल, खुर्ची, पडदा, सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं, इतकं बरोबर की माझ्या तोंडून हुश्श निघालं. आणि मधोमध दादा पिवळा होता. कपाळ, गाल, मान पिवळी, आणि डोळ्यातलं पांढरं तर असं पिवळं की त्यावर बाण नेल्यावर खाली लाल, हिरव्या, निळ्याचे आकडे आले तेव्हा निळ्याचा आकडा इतरांच्या मानाने खूपच खाली पडला होता. मी दुसऱ्या डोळ्यावर नेला. तेच. मग त्याने काढलेला माझा वाकडा फोटो उघडला. तीच खुर्ची, तोच उजेड. माझ्या डोळ्यातलं पांढरं पांढरं होतं.

मला शब्द लगेच सुचला होता, पण मी तो थोडा वेळ मनाशी म्हटला नाही. उलट, मी किती मूर्ख असावी, मला हे कसं घडलं याचीच उत्सुकता होती. मी दादाचा आजार हातात धरून त्या आजारालाच पांढरं म्हटलं, आणि संगणकाने मुकाट्याने सगळं जग निळं करून दादाला बरं करून दिलं. पण ते काल. त्याआधीच्या रविवारी? त्याच्याआधीच्या? समोर बसून जेवत होता. लहानपणी आम्ही चॉकलेटचे रंगीत कागद डोळ्यांना लावून फिरायचो. एकदा दादाने पिवळा कागद चष्म्यासारखा बांधला आणि दुपारभर काढलाच नाही. संध्याकाळी म्हणाला, आता पिवळं दिसतच नाहीये, सगळं नेहमीसारखंच आहे. मी म्हटलं, खोटारडा. तो खोटं बोलत नव्हता. डोळाही आपलं पांढरं आपणच ठरवतो. रोज थोडं थोडं बदललं तर तो रोज थोडी थोडी माफी करतो. कॅमेऱ्याने केली नव्हती. फोनने केली नव्हती. त्या दोघांना मी काल नावं ठेवली होती. भूक, पट्ट्याचं भोक, खाज. एकेकावर मी विनोद केला होता.  आता मात्र भीती वाटली, चांगलीच, आणि तिच्यातसुद्धा एक भाग अजून शांतपणे विचारत होता की किती दिवस, कशामुळे, आणि अजून वेळ आहे ना.

फोन केला तर तो एका ऑफिसच्या इमारतीत कामावर होता, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. मी येते म्हटलं. तो म्हणाला, ये, पण चालत यावं लागेल, लिफ्ट मी बंद केली आहे. एवढे जिने चढताना मी वाक्यं जुळवत होते. एकही धड जमेना. त्याला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तू इतक्या वर्षांनी कुणाला तरी आवडायला लागला आहेस आणि नेमकं आत्ताच हे. की तिच्या फोनमध्ये जो हसतोय तो तू नाहीस. आणि तो ऐकणार नाहीच. म्हणेल, काही होत नाही, झोप झाली नाही म्हणून असेल, उन्हात उभा राहिलो म्हणून असेल, आणि एकदा त्याने काही होत नाही म्हटलं की पुढे दार बंद. गच्चीवर पोचले तेव्हा मला बोलायला दमच नव्हता. तो खोलीतून बाहेर आला, ग्रीसचे हात फडक्याला पुसत. वर आभाळ मोकळं, भर दुपारचा उजेड. मधे कॅमेरा नाही, काच नाही. मी त्याच्याकडे बघितलं. आकड्यांची गरज नव्हती. काल माझ्या समोर तासभर बसला होता हा माणूस.

जुळवलेलं सगळं विसरून मी सरळ सांगितलं. फोटो मी बरोबर आणला नव्हता, आज परत नीट आणला तेव्हा कळलं, तू खरंच पिवळा आहेस, डोळेसुद्धा, ही कावीळ आहे किंवा त्याहून वाईट काही, आणि आपण आत्ता डॉक्टरकडे जातोय. मी पर्समधला आरसा त्याच्या हातात दिला. त्याने खालची पापणी बोटाने ओढून बघितलं, ग्रीसचा डाग गालावर लागला. मी ज्याची वाट बघत होते ते वाक्य आलंच नाही. तो आरसा घेऊन उभाच राहिला, आणि मला वाटलं तो घाबरला आहे. पण तो काहीतरी आठवत होता.

"ती म्हणाली होती," तो म्हणाला. "पहिल्यांदा बोलली तेव्हा तेच बोलली. लिफ्टमध्ये दोघंच होतो. म्हणाली, तुम्ही किती पिवळे दिसताय."

"मग?"

"मला वाटलं दिव्यामुळे. तिथला दिवा जुना होता, सगळ्यांनाच तसं करायचा. दुसऱ्या दिवशी जाऊन बदलला. चांगला, पांढरा, दिवसाच्या उजेडासारखा असतो तो. माझ्याच पैशाने."

 मला विचारायचं नव्हतं आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं. "आणि दिवा बदलल्यावर काय म्हणाली?"

"काही नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. अगदी वरच्या मजल्यापर्यंत." त्याने आरसा मिटला आणि मला परत दिला. "मला वाटलं, आवडलो."

इतक्या वर्षांत दादाच्या तोंडून मी असं वाक्य ऐकलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. फडक्याने एकेक बोट पुसत होता, पुसून झालेलीसुद्धा. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्या बाईंविषयी मला विलक्षण कुतूहल वाटलं. ती एवढा वेळ काय बघत असेल? त्यानंतर तिने फोटो का मागितला असेल? घरी नेऊन, खिडकीत धरून, नीट निरखायला? आणि मी तिच्यापर्यंत काय पोचवलं होतं.

"आवडलाच असशील," मी म्हटलं. "नाहीतर कोण कुणाकडे इतकं नीट बघतं?"

त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग खोलीत जाऊन हत्यारं पेटीत भरली, लिफ्ट सुरू केली, दार उघडून धरलं आणि म्हणाला, "चल. कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते तू ठरव, आणि माझ्या फोनवरून तिला फोन कर. तो दुसरा फोटो पण पाठव तिला, खरा."